ज्याचा निकाल लावायचा तोच उभा नाही
(आखाडा बाळापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना निवडणुकीच्या आधी राजकारणावर बोललेलं मुळीच खपत नसे. प्रचार चालू असला की ते शाळेच्या ओट्यावर बसून फक्त ऐकत. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, पेरण्या आटोपल्या की मग मात्र एकेकाला धरून विचारत, ‘हं, आता सांग, तू त्याला मत का दिलंस?’ समोरचा गडबडायचा. तेव्हा मीही गडबडलो आहे. २०२४ च्या लोकसभेचा गुलाल आता पुरता धुतला गेला आहे, विधानसभेचाही उडून खाली बसला आहे. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच दिला.

४ जून २०२४ ची दुपार. मृग तोंडावर आलेला. मी बियाण्यासाठी कृषी केंद्रात उभा होतो. दुकानदाराने गल्ल्याला टेकवून मोबाइल लावला होता आणि सोयाबीनच्या पिशव्या काढता काढता तो हिंगोली लोकसभेच्या मतमोजणीच्या फेऱ्या सांगत होता. आठवी फेरी, नववी फेरी, आष्टीकर पुढं, लीड वाढली. दुकानात सगळ्या पक्षांची माणसं होती, पण कुणी फार तावातावाने बोलत नव्हतं, कारण उधारी सगळ्यांचीच होती. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी आले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘आन् मागल्या खासदाराचं काय झालं?’ दुकानदार म्हणाला, ‘बाबा, ते उभेच नव्हते की.’ म्हातारबाबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. ‘मंग मी कुनाला पाडलं?’

सगळे हसले, मीही हसलो. पण आज मला जे काही सांगायचं आहे, ते सगळं त्या एका प्रश्नात आहे.

त्या संध्याकाळी टीव्हीवर आपल्या निकालाचा अर्थ लावायला बरीच मंडळी बसली होती. देशात भाजप २४० वर थांबला, बहुमताच्या २७२ पासून बराच दूर. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला. मराठवाड्यात तर आठपैकी सात जागा आघाडीच्या, एकटं संभाजीनगर तेवढं महायुतीकडे. मग कारणं सुरू झाली. कुणी म्हणालं संविधान. कुणी म्हणालं अंतरवाली सराटीचा लाठीमार आणि त्यानंतर पेटलेलं आरक्षण आंदोलन. कुणी म्हणालं सोयाबीन, कुणी म्हणालं पक्षांची फोडाफोड लोकांना आवडली नाही. यातलं खोटं काहीच नाही. १ सप्टेंबर २०२३ नंतर मराठवाड्यातलं एकही गाव पहिल्यासारखं राहिलं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर ओबीसींचा मेळावा झाला, त्याच्या आधी-नंतर आपल्याच गल्लीत कोण कुणाच्या ओट्यावर बसेनासं झालं, तेही आपण पाहिलं. सोयाबीनचा हमीभाव ४६०० रुपये होता आणि आपल्या बाजार समितीत काय पदरात पडत होतं, ते तुमच्या पट्ट्या सांगतील.

पण ही सगळी कारणं जालन्यालाही लागू पडतात, लातूरलाही पडतात, धाराशिवलाही. हिंगोलीचं म्हणून जे काही वेगळं आहे ते त्यात येत नाही. आणि हिंगोलीचं वेगळेपण या मतदारसंघाच्या यादीतच लिहिलेलं आहे.

ती यादी एकदा वाचू या. १९७७ साली, आणीबाणीनंतर, जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील. मग १९८०, १९८४ आणि १९८९ असे लागोपाठ तीनदा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. इथवर ठीक. आता पुढे बघा. १९९१ ला शिवसेनेचे विलास गुंडेवार. १९९६ ला शिवाजी माने. १९९८ ला सूर्यकांता पाटील. १९९९ ला पुन्हा माने. २००४ ला पुन्हा सूर्यकांताताई. २००९ ला सुभाष वानखेडे. २०१४ ला राजीव सातव. २०१९ ला हेमंत पाटील. २०२४ ला नागेश पाटील आष्टीकर. उत्तमरावांनंतर या मतदारसंघाने एकाही माणसाला सलग दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. २०२४ पर्यंत तेहतीस वर्षं झाली.

आपल्याकडे हे मोठ्या अभिमानाने सांगतात. ‘हिंगोलीचा मतदार कुणाला डोक्यावर बसू देत नाही.’ चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सगळीकडे हे वाक्य ऐकू येतं. मलाही हे ऐकून बरं वाटायचं. पण जरा खोलात गेलं की त्यातला अर्धा अभिमान गळून पडतो.

२०१४ चं बघा. मोदींची लाट अशी होती की महाराष्ट्रात काँग्रेसच्या फक्त दोन जागा आल्या, शेजारची नांदेड आणि आपली हिंगोली. आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या मसोडचे राजीव सातव जिंकले ते १,६३२ मतांनी. समोर विद्यमान खासदार सुभाष वानखेडे होते. त्याला मतदान केंद्रांच्या संख्येने भागलं तर एका केंद्रामागे जेमतेम एक मत येतं. हा निकाल मी खरा मानतो. विद्यमान खासदार उभा होता, त्याने पाच वर्षांचा हिशेब ठेवला, लोकांनी तपासला आणि केसभर फरकाने नापास केला. वानखेडे यांना ते झोंबलं असेल, पण मतदाराने आपलं काम केलं.

त्यानंतर काय झालं? २०१९ ला सातवांनी निवडणूक लढवलीच नाही. त्यांच्याकडे पक्षाची गुजरातची जबाबदारी होती. पक्षाने उमेदवारी कुणाला दिली, तर पाच वर्षांपूर्वी ज्यांना हरवलं होतं त्याच वानखेड्यांना, कारण तोवर ते काँग्रेसमध्ये आले होते. शिवसेनेचे हेमंत पाटील पावणेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. लोकांनी सातवांना नाकारलं की स्वीकारलं? कुणालाच सांगता येणार नाही. १६ मे २०२१ ला कोरोनाने सातवांना नेलं आणि तो हिशेब कायमचा अर्धवट राहिला.

२०२४ ला तर कमाल झाली. शिवसेना फुटली होती, हेमंत पाटील शिंदे यांच्यासोबत गेले होते. मार्चच्या शेवटी त्यांची उमेदवारी जाहीर झाली. आठवडाही उलटला नाही तोच, मित्रपक्षाच्या स्थानिक लोकांनी हट्ट धरल्यामुळे, ती काढून बाबुराव कदम कोहळीकर यांना दिली. हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्रीताईंना शेजारच्या यवतमाळ-वाशिममधून उभं केलं, त्यासाठी तिथल्या पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांना बाजूला केलं. राजश्रीताई तिकडे हरल्या. म्हणजे एका तिकिटाच्या ओढाताणीत दोन मतदारसंघांतले दोन विद्यमान खासदार लोकांसमोर आलेच नाहीत. आणि इकडे आपण म्हणतो, आम्ही खासदार बदलला! आपण कुठे बदलला? तो आपल्यापर्यंत यायच्या आधीच मुंबईत बदलला गेला होता.

विद्यमान खासदार लोकांच्या दारात येऊन ‘माझं काम बघा आणि मत द्या’ म्हणाला, असं या मतदारसंघात शेवटचं घडलं ते २०१४ साली. ज्याने आयुष्यात पहिलं मत २०१९ ला दिलं, त्या पोराने हे कधी पाहिलेलंच नाही.

आणखी एक गंमत. २०२४ चे दोन्ही प्रमुख उमेदवार, आष्टीकर आणि कोहळीकर, हदगावचे. एक आष्टीचा, एक कोहळीचा. २०१९ च्या विधानसभेला हे दोघे हदगावमध्ये एकमेकांसमोर उभे होते. एक आमदार आणि एक बंडखोर. दोघांच्या भांडणात जागा काँग्रेसच्या माधवराव जवळगावकरांनी नेली. तेच भांडण पाच वर्षांनी वाढून लोकसभेचं झालं आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी, किनवट, उमरखेड या सगळ्यांनी त्यात पंचाचं काम केलं. वानखेडे हदगावचे, सूर्यकांताताईंचं राजकारणही हदगावचं. हदगावकरांशी माझं काही वाकडं नाही, आपले अर्धे सोयरे तिकडचेच आहेत. पण जिल्ह्याचं नाव लावणाऱ्या मतदारसंघात जिल्ह्याबाहेरच्या एका तालुक्याचे हिशेब चुकते होतात, हे म्हटलं पाहिजे.

आता मतदान केंद्राच्या आत जाऊ. नोकरीत असताना मी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या आहेत, त्यामुळे तिथली प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसते. मतदानाच्या दिवशी, २६ एप्रिल २०२४ ला, हळदीचं काम जोरात होतं. कुकरवर शिजवणं, वाळवणावर उलटी-पालटी करणं, ढोलात घालणं. माझ्या पुढे रांगेत असलेल्या बाईंचा हात मनगटापर्यंत पिवळा होता. शाई लावणाऱ्या पोरीने आधी फडक्याने त्यांचं बोट खसखसून पुसलं, कारण हळदीवर शाई धरत नाही. मग पडद्याच्या आत. तिथे एका टेबलावर तीन यंत्रं ओळीने मांडलेली. हिंगोलीत उमेदवार ३३ होते. एका यंत्रावर सोळा नावं बसतात. पहिलं यंत्र भरलं, दुसरं भरलं आणि तिसऱ्यावर फक्त एक उमेदवार आणि त्याच्याखाली ‘नोटा’. ज्याला कुणीच नको, त्याला टेबलाच्या पार टोकाला जावं लागत होतं.

ओळखीची चिन्हं पहिल्या यंत्रावर होती, पण ती ओळखीची तरी कुठे राहिली होती? पंचवीस-तीस वर्षं ज्यांनी डोळे मिटून धनुष्यबाणावर बोट ठेवलं, त्यांच्यापुढे आता धनुष्यबाणही होता आणि मशालही. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाला दिला. ‘आपला’ कोणता, हे घराघरांत पुन्हा शिकवावं लागलं. एकाच घरात सासऱ्याने बाण आणि सुनेने मशाल दाबली, आणि दोघांनीही ‘शिवसेनेलाच दिलं’ असं सांगितलं. दोघंही खरंच बोलत होते.

निकाल आला. आष्टीकरांना ४,९२,५३५ मतं, कोहळीकरांना ३,८३,९३३. फरक १,०८,६०२. टीव्हीवर एवढंच दिसलं. तिसरा आकडा कुणी फारसा वाचला नाही. वंचित बहुजन आघाडीचे डॉ. बी. डी. चव्हाण यांना दीड लाखाहून अधिक मतं पडली होती, म्हणजे जिंकणाऱ्याच्या आघाडीपेक्षाही जास्त. २०१९ लाही वंचितच्या उमेदवाराला इथे तेवढीच भरभक्कम मतं होती. तांड्यांवर, वस्त्यांवर दोन निवडणुका लागोपाठ एवढी माणसं वेगळं काही सांगत आहेत आणि त्यांचं म्हणणं कुठल्याच विश्लेषणात बसत नाही, म्हणून ते विश्लेषणातून गळतं. ‘मतं खाल्ली’ असा शब्द त्यांच्या वाट्याला येतो. मत कुणाच्या बापाचं ताट असतं का, की दुसऱ्याने ते खावं?

आता नोव्हेंबरातली विधानसभा. लोकसभेला ज्या मतदारसंघाने महाविकास आघाडीला एक लाखाची आघाडी दिली, त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा साडेपाच महिन्यांत महायुतीकडे गेल्या. कळमनुरीत संतोष बांगर, हिंगोलीत तानाजी मुटकुळे, वसमतला राजू नवघरे, किनवटला भीमराव केराम, उमरखेडला किसन वानखेडे. आणि हदगावला कोण? जूनमध्ये पडलेले बाबुराव कोहळीकर. ज्यांना खासदार म्हणून नको म्हटलं, त्यांना आमदार म्हणून हो म्हटलं.

जूनमध्ये जे म्हणाले होते की मराठवाड्याने संविधान वाचवलं, त्यांनी नोव्हेंबरात यंत्रांवर बोट ठेवलं. जूनमध्ये जे म्हणाले होते की लोकांची दिशाभूल झाली, ते नोव्हेंबरात म्हणाले, जनता सुज्ञ आहे. मला दोन्हींचा कंटाळा आला आहे. मतदार जूनमध्ये जितका शहाणा होता तितकाच नोव्हेंबरात होता. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये खात्यात आले, हे खरं. पण ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले तिने ते लक्षात ठेवलं, तर तिला विकली गेली म्हणणारे आपण कोण? आपल्या पगारातल्या महागाई भत्त्याला आपण कधी लाच म्हटलं आहे का?

यंत्राचा संशय असेल त्यांनी शेजारी बघावं. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये गेले आणि त्यांच्या जागेची पोटनिवडणूक विधानसभेच्या दिवशीच, २० नोव्हेंबरला झाली. त्याच रांगा, तीच माणसं, तोच दिवस. विधानसभेच्या सगळ्या जागा काँग्रेस हरली आणि लोकसभेला त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. बऱ्याच माणसांनी एकाच खोलीत, काही सेकंदांच्या अंतराने, दोन वेगवेगळे निर्णय घेतले. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा १,४५७ चाच. माणसं वेगवेगळ्या खुर्च्यांसाठी वेगवेगळा विचार करतात. त्यांना तो करू द्यायला हवा, आणि त्यासाठी खुर्चीत बसलेला माणूस हिशेबाच्या वेळी हजर हवा.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि गुरुजी असते तर त्यांनीच म्हटलं असतं, की अरे, खासदार म्हणजे काय, पक्षाचा माणूस. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तो व्हिपबाहेर मतही देऊ शकत नाही. मग माणूस बदलला काय आणि राहिला काय, लोक पक्षाला मत देतात. आक्षेप वजनदार आहे. दिल्लीत सरकार कुणाचं, हे ठरवताना व्यक्ती गौण ठरते, कबूल.

पण हळदीला व्हिप नसतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या क्विंटलमागे काय फायदा झाला, हा प्रश्न कुठल्याही पक्षाचा खासदार विचारू शकतो. आपल्याजवळच्या इसापूर धरणाच्या पाण्याची पाळी शेवटच्या चारीपर्यंत का पोचत नाही, यावर भांडायला कुठला पक्षादेश आडवा येतो? खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी असतात, ते कोणत्या गावात कुठे गेले, हे विचारायला बहुमत लागत नाही. आणि एक गोष्ट तर राजकारणाच्या पार पलीकडची. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आपण सगळे घराबाहेर पळालो होतो. ४.५ तीव्रतेचा धक्का, लगेच दहा-अकरा मिनिटांत दुसरा. पत्र्यावरचे दगड पडले, मुलं रडत होती. निवडणूक जाहीर होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. पुढचे पाच आठवडे मी जमतील तेवढी भाषणं ऐकली. आपल्या पायाखालची जमीन का हलते, पुढच्या वेळी काय करायचं, शाळांच्या भिंती कुणी तपासायच्या, यावर एक वाक्य माझ्या कानावर आलं नाही. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला, केंद्र आपल्याच तालुक्यातलं रामेश्वर तांडा. तोवर निवडणूक संपली होती आणि विचारायची संधीही.

या प्रश्नांचा हिशेब पक्षाकडे मागता येत नाही. पक्ष मुंबईत असतो, दिल्लीत असतो. तो द्यायला एक नाव लागतं, एक चेहरा लागतो आणि पाच वर्षांनी तो चेहरा परत इथे यावा लागतो. आपल्याकडे तोच येत नाही. दर वेळी नवा माणूस म्हणतो, ‘मागच्याने केलं नाही, मी करतो.’ मागचा कुठे आहे? कुणी दुसऱ्या सभागृहात, कुणी दुसऱ्या पक्षात. पाटी दर पाच वर्षांनी आपोआप कोरी होते, आणि आपण समजतो की ती आपणच पुसली.

आता पुढचं सांगतो. लोकसभेच्या जागांची फेररचना २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत थांबवलेली आहे. ती जनगणना झाली की मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या जातील. २०२३ च्या घटनादुरुस्तीनुसार महिलांच्या एक तृतीयांश राखीव जागाही त्यानंतरच येणार. म्हणजे हिंगोली नावाचा मतदारसंघ आज आहे तसा राहील याची खात्री नाही. कदाचित कळमनुरी एकीकडे जाईल, वसमत दुसरीकडे. कदाचित ही जागा महिलेसाठी राखीव होईल, आणि सूर्यकांताताईंसारखी, केंद्रात राज्यमंत्री राहिलेली बाई इथूनच निवडून गेली होती हे आठवून मला त्याचा आनंदच होईल. पण तेव्हाचा खासदार म्हणेल, ‘माझा मतदारसंघच बदलला, हिशेब कुठला मागता?’ आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर असेल.

हद्दी आखताना परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावण्या घेतो. पुढाऱ्यांची माणसं त्या सुनावण्यांना नकाशे घेऊन हजर असतात, कारण कोणतं गाव कुठे गेलं की कुणाची जागा पक्की होते हे त्यांना पाठ असतं. सामान्य माणूस फारसा जात नाही. बाळापूरमधून कुणीतरी गेलं पाहिजे. बाजार समितीतलं कुणी, शाळेतलं कुणी, या व्याख्यानमालेच्या समितीतलं कुणी. आपला बाजार कोणत्या गावांशी, इसापूरच्या पाण्याने जोडलेली गावं कोणती, पोरं कॉलेजला कुठे जातात, दवाखान्याला नांदेड धरतो की हिंगोली, हे चार कागदांवर आतापासून लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. समितीची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी सकाळी दहाला याच ठिकाणी बसू. ज्यांच्याकडे तालुक्याचा जुना नकाशा असेल त्यांनी तो घेऊन यावा.